सभासद क्रमांक बेचाळीस

...आणि वर मलाच म्हणतात, "निलेश, तू जरा जास्तच शहाणा!" आता तुम्हीच सांगा, आमच्या गावच्या मंडळाची वेबसाइट मी चालवतो, इथे घाटकोपरच्या भटवाडीत बसून, गणपतीला गावी जाणाऱ्या दोन गाड्यांचं सगळं बुकिंग तिच्यावर, जागा नाही मिळाली तर माणूस मुंबईत अडकला, आणि त्यात शेजारच्या काशीराम काकांकडे यंदा भावकीतल्या पूजेची पाळी, सात वर्षांनी आलेली... अशा वेबसाइटवर कोणी हल्ला केला तर मी काय हातावर हात ठेवून बसायचं? छे. तुम्हाला सांगतो, माझ्या वेबसाइटमध्ये मुंगी शिरायची नाही.

हल्ला म्हणजे काय, तर पासवर्ड ओळखत बसायचं. हे लोक स्वतः बसत नाहीत हो, प्रोग्राम बसवतात, तो न कंटाळता एकामागून एक पासवर्ड टाकत राहतो, हा चुकला की तो, तो चुकला की पुढचा... आणि आमच्या मंडळींचे पासवर्ड कसे? गावदेवीचं नाव, पुढे एक-दोन-तीन. तीनशे सभासद आणि पासवर्ड एकच. मी सगळ्यांना बदलायला लावले. म्हटलं, लांबलचक ठेवा, घरच्यांनाही ओळखता येता कामा नये. ठेवले बिचाऱ्यांनी.

बुकिंग रविवारी सकाळी दहाला उघडणार, आणि शनिवारी संध्याकाळी मी सहज नोंदी चाळतोय, तर सभासद क्रमांक बेचाळीस, चुकीचे पासवर्ड एकशे सत्त्याऐंशी. अडीच तासांत. म्हटलं, आले. कुठून येतायत तो पत्ता बघितला तर घाटकोपरचा. आता एखादा साधा माणूस फसला असता ना, मी नाही फसलो. म्हटलं, काय हुशार चोर आहे, बसलाय परदेशात आणि पत्ता दाखवतोय घाटकोपरचा. मध्ये चार ते सव्वाचार एकही प्रयत्न नाही. म्हटलं, मशीन तापलं असणार, थंड करतायत.

मग काय, बेचाळीस नंबर दोन दिवसांसाठी बंद केला. कोणाचा आहे ते बघत बसलो नाही, हल्ल्यात कोण नावं बघतं? बाकीच्यांनाही नियम लावला, पाच वेळा चुकलात की दार बंद. आणि ग्रुपवर टाकलं, 'हल्ला परतवला आहे, निर्धास्त राहा.' टाळ्या काय, फुलं काय... काशीराम काकांनी तर तीन वेळा हात जोडले. मुंगी शिरायची नाही, म्हटलं ना.

रविवारी दोन्ही गाड्या चाळीस मिनिटांत फुल. आणि अकराला दारात काशीराम काकांच्या सुगंधा काकू, मागे स्वतः काका.

"निलेशा, आमचो नंबर बेचाळीस. उघडत कित्याक नाय?"

म्हटलं, काकू, काल दुपारी तुमच्या नंबरवर कोणी बसलं होतं का?

"कोणी म्हणजे? ह्यांका पासवर्ड आठवाक नाय. तूच सांगितलंस ना, लांब ठेवा. मगे सगळी चाळ इली, जेका जा सुचला ता घातल्यानी. शकून नातवंडांची नावां घातल्यान, धोंडिरामान म्हशीचा. मधी मी सगळ्यांका चाय केलंय."

चार ते सव्वाचार. चहा.

आणि काका? सत्तरी उलटलेला माणूस, मखराचं सामान पंधरा दिवसांपूर्वी बांधून ठेवलेलं, ते काकूंना म्हणतात, "ऱ्हवांदे गो, पोरान आपल्यासाठीच केल्यान." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू?

माझ्या दोन जागा होत्या, वेबसाइट सांभाळतो म्हणून मंडळाने आधीच धरून ठेवलेल्या. दिल्या. अक्षताने, म्हणजे आमच्या बायकोने, भरलेली बॅग उघडली, एकेक साडी घडी करून परत कपाटात ठेवली.

पण एक सांगतो, घोटाळा माणसांचा, माझ्या बंदोबस्ताचा नाही. शिरली का मुंगी? नाही शिरली. आणि आरतीचं म्हणाल तर आम्ही ती व्हिडिओ कॉलवर बघणार, काका कबूल झालेत, स्वतः फोन धरून उभे राहणार आहेत... फक्त ते गावी निघताना त्यांच्या फोनलाही मी नवा पासवर्ड लावून दिलाय. लांबलचक.