काळ्या रेघांचं कार्ड

— ते हात आधी खाली घ्या दादा. मी काय देव आहे का जोडायला? बाटल्या धुणारा माणूस मी. ‘काका, आईचा रिपोर्ट तेवढा चांगला येईल असं बघा’ — हे म्हणणारे आज तुम्ही तिसरे. आणि मी बघू काय? अंगठाबहाद्दर माणूस. आकडे तेवढे ओळखतो, तेही बाईंनी शिकवले म्हणून — टेक्निशियन बाई, त्या बघा काचेपलीकडं, पाठमोऱ्या. तुमच्या आईची प्लेट कुठली, मला काय ठाऊक? मी नाही बघितली. चारला खिडकी उघडेल, कागद मिळेल. तोवर बसा. सरका जरा, मीही टेकतो, गुडघे बोंब मारतात.

आत काय चालतं सांगू? नको म्हणालात तरी सांगणार, माझं तोंड म्हणजे गळका नळ. आईचं रक्त घेतलं ना, त्यातले जंतू आधी वाढवायचे. उबेचं कपाट असतं, त्यात प्लेट ठेवली की दुसऱ्या दिवशी ठिपके उठतात, मोहरीएवढे. एका नव्या डॉक्टरला मी सांगितलं, जंतूंना थंडी वाजते, घरी जाताना कपाटावर शाल टाकत जा — टाकली हो त्यानं! आठ दिवस! स्वतःची! आमची ही म्हणायची, तुमचा वात्रटपणा तुमच्याबरोबरच जाईल... असो. तर काडीनं दोन-चार ठिपके उचलायचे, नळीतल्या मिठाच्या पाण्यात ढवळायचे. पाणी गढूळ होतं. पण किती गढूळ? मेख तिथंच आहे. एक पांढरं कार्ड असतं, त्यावर काळ्या रेघा. शेजारी नमुन्याची बंद नळी धरायची, मागं कार्ड — दोन्ही नळ्यांतनं रेघा सारख्याच पुसट दिसल्या पाहिजेत. मग कापसाची काडी बुडवून ते पाणी नव्या प्लेटवर सारवायचं आणि वर कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, एकेका टिकलीत एकेक औषध. दुसऱ्या दिवशी जे औषध चालतं त्याच्याभोवती स्वच्छ गोल पडतो. जे चालत नाही त्याच्या टिकलीला जंतू चिकटून बसतात, घरजावयासारखे. बाई पट्टीनं गोल मोजतात. मोठा असला तर पास, बारका असला तर नापास. झालं शिक्षण.

आणि पाणी पातळ झालं तर? जंतू विरळ पडतात, गोल उगाच मोठा दिसतो, नापास औषध पास होऊन बसतं. बाईंनीच एकदा हसत हसत सांगितलं होतं. सांगायला नको होतं त्यांनी. माझ्यासारख्याला तर नकोच.

काय झालं म्हणजे? काही नाही. आमची ही होती वर. तुमची आई आहे ना, त्याच वॉर्डात, खिडकीकडची खाट. बाईंनी तिची नळी केली, कार्डापुढं धरली, बरोब्बर जमली. तेवढ्यात फोन आला, त्या दाराबाहेर गेल्या. नळी स्टँडमध्ये, मी बेसिनपाशी. म्हटलं — नाही, म्हटलं काहीच नाही, नुसता हात गेला. जन्मभर माणसांना फसवलं, एकदा जंतूंना फसवून बघू. बरीचशी नळी ओतून दिली, वर मिठाचं पाणी भरलं. बाई आल्या, घाईत होत्या, तेच सारवलं.

हसू नका दादा, पण मला खरंच वाटलं — कागदावर ‘औषध चालतं’ असं आलं की औषध चालणार. तीस वर्षं इथं दुसरं बघतोय काय? खिडकीतनं चांगला कागद येतो, डॉक्टर हसतात, माणूस घरी जातो. म्हणजे सगळं त्या कागदातच असणार, नाही का? शिकलेल्या माणसाच्या हातनं हे झालं नसतं. त्याला भीती वाटली असती.

गोल पडला. काठावर, पण पास. डॉक्टर म्हणाले, हे साधं औषध चालतंय तर ते जहाल कशाला, मूत्रपिंडाला जड जातं. मी धावत वर गेलो, हिला म्हटलं, पास झालीस, फर्स्ट क्लास. माझ्या कुठल्याच बोलण्यावर तिचा कधी विश्वास बसला नाही, घर जळतंय म्हटलं असतं तर आधी खिडकीतनं बघून आली असती. त्या दिवशी मात्र म्हणाली, “एवढं खोटं तुम्हाला जमायचं नाही.” आणि डोळे मिटून निवांत पडली.

चार दिवस ते औषध चढत होतं. नळाचं पाणी चढवलं असतं तरी तेवढंच. पुन्हा तपासलं तर त्याच टिकलीला जंतू चिकटलेले. जहाल सुरू केलं पाचव्या दिवशी. सहाव्या दिवशी खाटेवरची चादर बदलली.

बाईंना बोल लागला. त्यांना वाटतं, आपलीच नजर चुकली. तेव्हापासून प्रत्येक नळी तीनदा कार्डापुढं धरतात — बघा, आत्ताही तेच चाललंय. मी रोज बघतो. रोज म्हणतो, आज सांगू. तुम्हाला सांगून टाकलं, कारण तुम्ही हात जोडलेत, आणि मला ते सहन होत नाही.

म्हणून सांगतो, सतरा नंबरच्या प्लेटला मी हात लावणार नाही, आणि लावला तरी आता...

काय?

नंबर तुम्ही सांगितला नव्हता?

...

सकाळी बाईंच्या हातात होती. आठ टिकल्या. आठही टिकल्यांना जंतू...

वर जा दादा. चारची वाट बघू नका. कागद काय, मी आणून देईन. जा म्हटलं ना. मला बाटल्या धुवायच्यात.