आत्याबाईंचा पाय आन काढलेला उंबरा

माझं माहेर चाकणकडचं. लगीन होऊन रहाटणीला आले तवा हितं नुसती शेतं हुती, तुमी आता बसून चा पिताय ना, तिथं आमची ज्वारी उभी असायची. पिंपरीला कंपनी निघाली आन आमचे मालक तिथं लागले. सासरे कवाच गेल्याले, घरात आमी तिघंच, हे, मी आन सासूबाई, त्यास्नी मी आत्याबाई म्हनायची. तोंडानं फटकळ बाई, पन जीव लावायची, आन मी बी काय कमी न्हवते, म्हनून आमचं जमायचं.

तर काय सांगू तुमास्नी, आत्याबाई पडायला लागल्या. गुडघं गेल्यालं, सांजचं दिसायचं न्हाई, पन गप बसतील तर शपथ. कवा मोरीत घसरायच्या, कवा सारवलेल्या वल्या भुईवर, उंबऱ्यात ठेच तर रोजचीच. ह्यांच्या कंपनीत एक साहेब शिफ्टच्या आधी फिरून बघायचा म्हनं, हितं तेल सांडलंय, हितं कुनीतरी पडंल, भुसा टाका. ह्यांनी ते डोक्यात घेतलं. सुट्टीला पाठीमागं हात बांधून घरभर फिरले, जातं हलवा, हांडा कोपऱ्यात सारा, आन मोरीत खरंच लाकडाचा भुसा टाकला. आत्याबाई म्हनल्या, माझी मोरी हाय का म्हशीचा गोठा. माझी तर हसून मुरकुंडी वळली.

मग त्या चार दिस लेकीकडं गेल्या, तेवढ्यात ह्यांनी सुतार बोलावून उंबराच काढला. मी म्हनलं, अहो, बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मी कशी यायची. म्हनले, लक्ष्मी थांबली तरी चालंल, आई पडाय नको. एवढा जीव आईवर. आत्याबाई आल्या दिवेलागणीला. उंबऱ्यावर पाय द्यायचा न्हाई, वलांडून जायचं, ही जन्माची सवय. पाय उचलला उंच, पलीकडं टाकला, तिथं नुसतीच भुई. तोल गेला आन आडव्या झाल्या. मनगट मोडलं.

हे त्यांच्या पायाशी बसून पोरावानी रडले. मग म्हनले, बास आता, आई बाजेवरनं उठायची न्हाई, सगळं हातात द्यायचं. मायेनंच म्हनले वो. पन आत्याबाई कोमेजल्या. भाकरी अर्धी ठेवायच्या, माझ्याशी भांडायच्या बी बंद झाल्या, तवा मातर मी घाबरले. पडून जाईल म्हनून समद्यांना भ्या, आन ही बसून बसूनच जायला लागली हुती.

मालकांम्होरं तोंड वर करून बोलायची तवा पद्धत न्हवती, पन मी बोलले. म्हनलं, तुमचा साहेब जागा बघतो, मानूस कोन बघनार? त्या कुठं हात टेकत्यात, कुठं दम खात्यात, मला ठावं हाय. उंबरा परत बसवा, त्यांच्या पायाला त्यो वळखीचा हाय, वर चुन्याचा पट्टा मारा म्हंजी दिसंल. बाजेपासनं दारापतूर बैलाचा कासरा ताणून बांधा, धरून चालतील. मी आज निम्मी भुई सारवीन, निम्मी उद्या, म्हंजी त्यास्नी चालायला कोरडी बाजू ऱ्हाईल. आन मी मागं हायेच की. हे म्हनले, तरी पडली तर? मी म्हनलं, तर उचलीन.

उंबरा बसला. आत्याबाई कासरा धरून दारापतूर गेल्या, पाय पलीकडं टाकला आन वळून मला म्हनल्या, मागं मागं काय येतीस गं, कामं न्हाईत का घरात. ते ऐकून मला रडूच आलं. त्यानंतर बी एकदोनदा पडल्या, खोटं कशाला बोलू. पन शेवटापतूर हिंडत्या राहिल्या, शेजारणीच्या वट्ट्यावर जाऊन माझ्या चुगल्या करायच्या.

आता हे बी न्हाईत. माझं बी गुडघं कुरकुर करत्यात. सुनंनं न्हाणीत धरायला दांडा बसवलाय. मी खाली फिरायला निघाले की ती चप्पल सरकवून मागनं येती, कानाला फोन लावून, जसं काय तिचं खालीच काम निघालंय. मला कळतं, मी बोलत न्हाई. गुणाची हाय पोर. देव तिला लई आयुष्य देवो, आन ती थकंल तवा तिच्या बी मागं असंच कुनीतरी चालत असू दे.