सिस्टर, स्टिअरिंग सोडा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, माननीय मेट्रन मॅडम. व्यासपीठावर बसलेले अधीक्षक सर आणि घशाचे मोठे डॉक्टर. ज्यांच्यासाठी हे सभागृह खुर्च्या कमी पडेपर्यंत भरलंय त्या, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, घशाच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान. सर्व सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा. आणि मागे दाराशी दाटीवाटीनं उभे असलेले नातेवाईकहो! पुढे या ना. भिंतीला टेकून उभं राहायची तुम्हाला सवय झालीय, मला ठाऊक आहे. पण आज कुणी बाहेर काढणार नाही. ज्या काढायच्या, त्याच आज हातात फुलं घेऊन गप्प बसल्यात.

मेट्रन मॅडमनी मला बजावलंय, थोडक्यात बोला. तशी थोडक्यात बोलायची मला सवय आहे. मी गाडी चालवायला शिकवते. 'समोर बघा' आणि 'ब्रेक' या दोन वाक्यांवर आमचा दिवस निघतो. पण आज दोन वाक्यांत भागायचं नाही. मॅडम, जरा सांभाळून घ्या.

पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर गळ्याला रुमाल बांधून बसलेत ते माझे यजमान. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. अख्खा बाजार त्यांना 'भोंगा' म्हणतो. लग्नाआधी मी त्याच बाजारात टेंपो घेऊन जायची. टेंपो लावायच्या जागेवरून आमचं भांडण झालं, आणि ते अजून चालू आहे. मध्यंतरी एवढंच झालं की भांडण एकतर्फी झालं. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, छान काढली, पण श्वासाची वाट अरुंद राहिली. म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. ज्या माणसाचा आवाज बाजाराच्या फाटकापर्यंत जायचा, त्या माणसाच्या गळ्यातून नुसता फुसफुस वारा यायला लागला. सांगा, अशा वेळी त्याच्या बायकोनं कुठे असायला हवं?

मी होते बाहेरच्या बाकावर. आमच्या सत्कारमूर्तींचं एक वाक्य तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. चला, म्हणा माझ्याबरोबर: 'नातेवाईक बाहेर!' बघा, मागच्या लोकांचा आवाज जास्त आला. आम्ही बाकावरची मंडळी त्यांना 'कुलूपसिस्टर' म्हणायचो. सिस्टर, हसताय? तुम्हाला माहीत होतं? मग आमची एवढी कुजबुज फुकटच गेली म्हणायची.

त्या वेळी वॉर्डात आमच्याबद्दल काय काय मतं होती, तीही मी ऐकलीत. दार लावलं की आवाज बाहेर येत नाही, असा तुमचा समज आहे. एक सिस्टर म्हणायच्या, नातेवाईक म्हणजे जादाचा पेशंट, फक्त त्याला कॉट नाही. दुसऱ्या म्हणायच्या, ही माणसं मदतीला येत नाहीत, आपल्यावर पाळत ठेवायला येतात. एक ब्रदर तेवढे म्हणायचे, 'असू द्या ना जवळ, पेशंट शांत राहतो.' पण ते नवीन. त्यांचं कोण ऐकतंय!

आणि खरं सांगू का? त्यांची भीती काही उगाच नव्हती. पुढे आपल्या सत्कारमूर्तींनीच मला सांगितलं. आडव्या निजलेल्या आईला तहान लागली म्हणून एका मुलानं मायेनं चमचाभर पाणी पाजलं, आणि ते पाणी भलतीकडेच गेलं. त्या आईला वाचवताना सिस्टरांची जी धावपळ झाली, त्या दिवसापासून त्यांनी दाराला कुलूप घातलं. माया आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं म्हणणं. मी कबूल करते. माझ्याकडेही अशी माणसं येतात, ज्यांचं गाडीवर फार प्रेम असतं आणि क्लच कुठला ते माहीत नसतं. पण म्हणून त्यांना जन्मभर पायी चालायला लावायचं का?

आमच्यापुढे प्रश्न साधा होता. नळीत कफ साठतो. मशीनला जोडलेली बारीक नळी आत घालून तो ओढून काढावा लागतो, नाहीतर माणूस गुदमरतो. घरी हे काम करणारं कुणी असेल तर ह्यांना घरी सोडणार. नसेल तर अशा पेशंटची देखभाल करणाऱ्या शहराबाहेरच्या संस्थेत. तिथे सोय उत्तम आहे, असं मला सगळे समजावत होते. सोय! दिवसभर शंभर माणसांत उभा राहणारा माझा नवरा, तो त्या सोयीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता. मला ते घरी हवे होते. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कामात लुडबुड करत, मला हवे होते.

आणि नेमकं तेव्हाच एका भेटीच्या वेळी मी आत गेले, तर ह्यांचे दोन्ही हात कॉटला बांधलेले.

माझं डोकंच फिरलं. मी आवाज चढवला. माझा आवाजही काही कमी नाही, इतक्या वर्षांची संगत आहे! सिस्टर म्हणाल्या, 'बाई, ओरडू नका. कफ काढताना ते नळी ओढायला बघतात. पाटी-पेन्सिल दिली होती, काही लिहीत नाहीत. भान नाहीये त्यांना.' अहो, खोकल्याची उबळ आल्यावर कोण निबंध लिहीत बसणार? मी ह्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, आणि बांधलेल्या हाताची मूठ मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती.

ती मूठ मी ओळखते. लिलावात गलका इतका असतो की तोंडानं सांगून उपयोग नसतो. पुकारणारा मूठ वर करतो, म्हणजे बोली थांबवा. पंजा उघडतो, म्हणजे चालू द्या. सगळा बाजार त्या एका हातावर थांबतो आणि चालतो. मी म्हटलं, 'सिस्टर, ते नळी ओढत नाहीयेत. ते म्हणतायत, थांबा, मला श्वास घेऊ द्या.'

आता इथे दुसरं कुणी असतं तर काय म्हणालं असतं? 'वेळ संपली, नातेवाईक बाहेर.' बरोबर ना? आणि सिस्टर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं पट्ट्या सोडल्या. मग ह्यांच्या तोंडासमोर वाकून विचारलं, 'काका, आता करू का?' ह्यांनी पंजा उघडला. सिस्टरांनी कफ काढायला घेतला. मूठ मिटली, सिस्टर थांबल्या. पंजा उघडला, पुन्हा सुरू केलं. भान नसलेला माणूस अख्खा वॉर्ड चालवत होता! मला रडूही येत होतं आणि हसूही. सिस्टर हातमोजे काढता काढता मला एवढंच म्हणाल्या, 'तुम्ही थांबा जरा. जाऊ नका.'

मंडळी, 'थांबा' हा शब्द त्यांच्या तोंडून त्या वॉर्डात पहिल्यांदाच कुणी ऐकला असेल.

त्यानंतर वॉर्डात मीटिंग झाली. तिथलं सगळं मला कळलं, कुणाकडून ते विचारू नका. ब्रदर, तुम्ही अशी मान खाली घातलीत तर सगळ्यांना कळेल! सिस्टरांनी सांगितलं की ह्यांच्या बायकोला मी कफ काढायला शिकवणार. झालं! एकच गदारोळ. काही झालं तर जबाबदार कोण? आज एकीला आत घेतलं, उद्या सगळे येतील. सिस्टर म्हणाल्या, 'जबाबदार मी. बाईंना नाही जमलं, तर मीच त्यांना दार दाखवीन. जमलं, तर तुम्ही सगळ्यांनी शिकवायला लागायचं.' मेट्रन मॅडम तेव्हा काहीच बोलल्या नाहीत म्हणे. मॅडम, तुमचं ते न बोलणं आम्हाला फार उपयोगी पडलं.

आता माझी शिकवणी. आधी हात धुवायला शिकले. हो, हात धुवायला! मला वाटायचं, मला येतात. मग बाटलीतलं पाणी ओढून पाहिलं, ते जमलं. मग प्रत्यक्ष ह्यांच्यावर करायची वेळ आली. मी नळी धरली, पुढे नेली, आणि सिस्टरांनी माझा हात धरला. 'असं नाही, असं.' पुन्हा धरली, पुन्हा हात. दुसऱ्या दिवशी तेच. नळी माझ्या हातात आणि माझा हात त्यांच्या हातात. कफ निघत होता, पण काढत कोण होतं? मी नव्हे. आजूबाजूच्या सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या, की बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, 'सिस्टर, स्टिअरिंग सोडा!'

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पण आता बोललेच होते, तर पुरतं बोलले. म्हटलं, 'सिस्टर, माझ्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो. माझा पाय त्याच्यावर आणि हात मांडीवर. शिकणाऱ्याचं चाक मी ओढलं तर गाडी झकास वळते, पण माणूस तिथेच राहतो. चुकण्याची भीती मलाही वाटते. रोज वाटते. म्हणून तर ब्रेक आहे.'

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता निघालं ते वाक्य! ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले. सिस्टरांनी पायानं स्टूल ओढलं, कॉटला लागून बसल्या, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले. घट्ट. आणि म्हणाल्या, 'घ्या. ब्रेक माझ्याकडे आहे.'

मी नळी घेतली. सिस्टर तोंडानं सांगत होत्या, 'हळू. आणखी थोडं. आता ओढत ओढत बाहेर.' मांड्यांखाली त्यांचे हात चुळबुळ करत होते, ते मला दिसत होतं. ह्यांची मूठ मिटली. मी थांबले. माझी मी थांबले! पंजा उघडला. मी पुन्हा गेले, आणि सगळा कफ आला, आणि ह्यांचा श्वास असा मोकळा वाहायला लागला की मला तो माझ्याच छातीत लागला. कुणीतरी टाळी वाजवली. जादाचा पेशंट म्हणणाऱ्या सिस्टरच होत्या त्या, मी पाहिलंय. दारातून बाकावरची मंडळी डोकावत होती, त्यांनीही टाळ्या पिटल्या. आमच्या कुलूपसिस्टर उठल्या, दाराकडे वळल्या, सगळे जागच्या जागी गोठले. आणि त्या म्हणाल्या, 'डोकावताय काय? ज्यांना शिकायचंय त्यांनी हात धुवून आत या.'

सभागृहातल्या मंडळींनो, लढाई जिंकली म्हणतात ना, ती हीच! आम्ही दोघी जिंकलो. हरलं कोण? फक्त ते दार.

आज त्या वॉर्डात प्रत्येक कॉटशेजारी नातेवाईकाची खुर्ची आहे. ड्यूटी बदलताना सिस्टर पेशंटच्या घरच्यांनाही विचारतात, तुम्हाला काय वाटतं, आज कसे आहेत? जादाचा पेशंट म्हणणाऱ्या सिस्टर आता स्वतः नातेवाईकांचा वर्ग घेतात, आणि स्टुलावर हात दाबून बसतात. पाळतीची काळजी असणाऱ्या सिस्टर परवा मला म्हणाल्या, 'बघतात ते बरंच आहे हो. एका पेशंटची नळी वळलेली त्याच्या मुलीनंच दाखवली.' वॉर्डाचे नियम अजून आहेत, कडक आहेत, चमचाभर पाणीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. पण आता ते नियम आम्हाला बाकावर बसवत नाहीत, कामाला लावतात.

आणि हे? हे घरी आले. एकदा भर दुपारी नळी अशी चोंदली की ओठ निळे पडायला लागले. माझे हात आपोआप चालले. गळ्यातल्या नळीच्या आत दुसरी नळी असते ती काढली, साफ केली, मशीन लावलं. सगळं झाल्यावर मग मी रडले, आधी नाही. कानात एकच आवाज होता, 'हळू. आणखी थोडं.' सिस्टर, त्या दुपारी तुम्ही आमच्या घरात होतात. हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

आता तर ते गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून बोलतात. माझ्या गाडीत मागे बसतात. परवा एक नवीन बाई चौकातून वळत होत्या, मी काही बोलायच्या आत ह्यांनी गळ्यावर बोट ठेवलं आणि मागून ओरडले, 'ब्रेक!' बाईंनी गाडी थांबवली ती थांबवलीच. आवाज चिरका आहे, पूर्वीची सर नाही. पण फाटकापर्यंत नाही, तरी माझ्यापर्यंत पोचतो.

सिस्टर, उद्यापासून तुमची ड्यूटी नाही. म्हणजे तुम्ही आमच्यातल्या झालात. उद्या वॉर्डाच्या दारात आलात तर नातेवाईक म्हणूनच याल. नव्या इन्चार्ज सिस्टर, ऐकताय ना? ह्या आल्या तर हात धुवून आत घ्या. आणि शेजारी बसलेले साहेब, आता घरचं स्टिअरिंग तुम्ही सांभाळायचं. ह्या ओढायला आल्या तर काय म्हणायचं, ते तुम्हाला आज कळलंच आहे.

ही संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, व्यासपीठाचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानापमानाचा आरसा माझा धक्का लागून वाकडा झाला असेल, तर शिकवणारीही कधी चुकते असं समजून पोटात घाला. पहिल्या रांगेत बघा, ह्यांनी मूठ मिटून वर केलीय. म्हणजे मला थांबायलाच हवं.

माइक आता त्यांच्याकडे देते. गेले काही दिवस ते घरी गळ्यावर बोट ठेवून सराव करतायत. सिस्टरांच्या निरोपाला लिलावाची पुकार देणार आहेत. 'एक वार' म्हणतात, 'दोन वार' म्हणतात, आणि गप्प होतात. मला वाटलं, दम पुरत नाही. काल विचारलं, अहो, तिसरा वार का पुकारत नाही? ते म्हणाले, 'तिसरा पुकारला की माल हातचा जातो. यांना मी जाऊ देणार नाही.'

तेव्हा मंडळी, दोनच वार ऐकू येतील. तिसऱ्याची वाट बघू नका.