केबिनमधून आलेला शब्द

भाऊ : ट्रॉलीच्या तेलाच्या होजचं टोक पुसलंस का आधी?

बहीण : पुसलं.

भाऊ : आणि टोपीच्या आतली धूळ? एक कण आत गेला, तर तेलाबरोबर थेट पंपापर्यंत जातो.

बहीण : दादा, तुला निवृत्त होऊन वर्ष झालं. वर्ग सुटला आता.

भाऊ : वर्ग सुटला म्हणून धूळ बसायची थांबत नाही. अगं, असं नव्हे! होज काखेत कशाला धरतेस? उजव्या हातानं जोडावरची कॉलर मागे ओढायची आणि...

बहीण : कुठल्या बोटांनी?

भाऊ : तसं म्हणायचं नव्हतं मला.

बहीण : तर्जनी नाही, मधलं नाही. उरलेल्यांत कॉलर ठरत नाही. म्हणून होज काखेत आणि डावा हात कामाला. महिनाभर या उसन्या ट्रॅक्टरवर सराव करतेय. हे बघ. टक्! बसला की नाही कपलर?

भाऊ : बसला. मान्य.

बहीण : उद्या अकरा वाजता यंत्र केंद्राच्या मंडळासमोर हेच करून दाखवायचंय. पटलं तर चालक म्हणून परत घेतील. पण माझा हात बघण्याआधी ते तुझा अपघाताचा अहवाल बघतील. नवं निवेदन आणलंस?

भाऊ : आणलंय. वाच.

बहीण : ‘सदर अपघातप्रसंगी उभयतांमधील संवादात काही अंशी संदिग्धता निर्माण झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ वा, सर! एवढ्या लांबलचक वाक्यात माणूस एकही नाही.

भाऊ : कार्यालयीन भाषा अशीच असते.

बहीण : दोन वर्षांपूर्वी चांगली साधी होती की! ‘चालक महिलेने दाब सोडल्याची खात्री न करता घाईने कपलर ओढला.’ तिथे माणूस होता. मी.

भाऊ : खात्री करायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं. कपलर ओढायला जोर लागतोय, याचाच अर्थ आत दाब आहे. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे...

बहीण : तो कपलर रोजच जोरानं निघायचा. ‘रिंग झिजली आहे, बदलावी’ असं नोंदवहीत तीनदा कुणी लिहिलं? तूच. आणि खात्री कशी करायची, तेही तूच ठरवलेलं. केबिनमधल्यानं इंजिन बंद करायचं, लिव्हर पुढे-मागे हलवून आतला दाब सोडायचा आणि मग ओरडून सांगायचं, ‘सोडलं’. तो शब्द ऐकल्याशिवाय मागच्यानं हात लावायचा नाही. बरोबर?

भाऊ : बरोबर.

बहीण : मी तो ऐकला. दोनदा.

भाऊ : मी फोनवर बोलत होतो.

बहीण : हे मला नंतर कळलं. इंजिन बंद झालेलं मी ऐकलं, ते तू फोनसाठी केलंस. मग आवाज आला, ‘सोडलं! सोडलं म्हणतो ना!’ तू सोडलं होतंस ते परीक्षकपद, दाब नव्हे. लिव्हर होती तिथेच होती.

भाऊ : मला आठवत नाही, असं वाटतं का तुला?

बहीण : आठवतंय, म्हणून तर बोलावलं. कपलर ओढला तशी तेलाची बारीक धार बसली, सुईनं टोचल्यासारखा एक ठिपका होता बोटावर. तू चष्मा लावून बघितलास आणि म्हणालास, ‘साबणानं धू.’ मी धुतलं आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. तोवर तेल आत हाडाशी पोचलं होतं, दोन बोटं गेली.

भाऊ : त्या क्षणी मला सुचलं नाही.

बहीण : नंतर सुचलं. तुझ्या पुस्तिकेत पान चौदावर छापलंय, ‘सुईएवढी जखमही तातडीची समजावी.’ आणि खाली उदाहरण, ‘एका महिला चालकाच्या घाईमुळे...’

भाऊ : नाव घातलेलं नाही मी.

बहीण : उपकार झाले!

भाऊ : जरा शांतपणे ऐक. ती पुस्तिका आज प्रत्येक केंद्रावर आहे. तिच्याच आधारावर मंडळानं मला सुरक्षा सल्लागार नेमलं. चूक माझी होती असं मी लिहून दिलं, तर ते पुस्तिकाच मागे घेतील. किती लोक ती वाचून हात सांभाळतात! पुढच्या आवृत्तीत ते उदाहरण काढून टाकतो.

बहीण : माझी मुलाखत उद्या आहे. आवृत्ती कधी आहे?

भाऊ : तू ना, शब्दात पकडतेस.

बहीण : शब्दातच सापडलेय मी. एक ओळ लिही, दादा. ‘सोडलं हा शब्द मी फोनवर उच्चारला, दाब सोडलेला नव्हता.’ हे घे पेन.

भाऊ : अगं, तुला हे काम हात धरून शिकवलं मी. बाबा नको म्हणत असताना.

बहीण : शिकवलंस. कुठला हात धरून, ते आठवतंय?

भाऊ : पेन ठेव ते. आणि हे निवेदन घेऊन जा, एवढ्यानं भागेल.

बहीण : नको. घडी कर आणि खिशात ठेव. मी तोंडानं सांगेन. तू असशीलच समोर, सल्लागार म्हणून. विचारलं तर बोल, नाहीतर गप्प बस.

भाऊ : बरं. आता एकदा होज काढून बघू. लिव्हरवर मी बसतो. तेवढी तरी मदत घे माझी.

बहीण : बस.

(भाऊ केबिनमध्ये चढतो. इंजिन सुरू होते. ट्रॉली उचलली जाते, पुन्हा खाली टेकते. इंजिन बंद.)

भाऊ : सोडलं!... ओढ ना. काय झालं? अगं, सोडलं म्हणतो ना!

बहीण : ऐकलं, दादा. तू खाली उतर. लिव्हर मी बघते.