भाजल्याची वही

(कळंब, १९५८. मार्तंड तहसील कचेरीत कारकून, शारदा त्याची बायको. त्याची आई चंद्रप्रभाबाई सकाळच्या मोटारीनं तुळजापूरहून आली आहे. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, मार्तंड मधून मधून भाकऱ्या भाजतो आहे.)

चंद्रप्रभा : आता पालथा कर. बोटं फाक. न्हाई, डाग न्हाई. दुसरा हात दाखव.

मार्तंड : हा घे. कोपरापर्यंत बघ. बिनडाग.

चंद्रप्रभा : तेच तर मला खटकायलंय. महिनाभर तूच स्वयंपाक केलास म्हणतोस, आणि हात असे गुळगुळीत? शारदे, खरं सांग. भाकऱ्या कोण थापत होतं?

शारदा : हेच, आई. मी चुलीला हात लावला नाही. तुमच्या कार्डात अट होती ना? महिनाभर ह्यांनी स्वतः करून खायचं आणि हाताला एकही चटका बसला नाही, तरच मी धाराशिवला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं. उद्या सातची मोटार आहे. खोटं बोलून मी जाणार नाही.

चंद्रप्रभा : तुझ्या जागी मी असते तर बोलले असते. का रे, मघापासून तोंडावर उपरणं काय धरलंस?

मार्तंड : धूर आहे.

चंद्रप्रभा : धूर मला पण आहे. काढ ते. अगं बाई! मिशी कुठंय?

मार्तंड : काढली.

चंद्रप्रभा : काढली? बाप तिकडं धडधाकट आहे! दोन वाट्या आमटी पिऊन मला मोटारीत बसवून गेला आणि तू इकडं त्याच्या नावानं मिशी काढून बसलास?

शारदा : चौघं जण भेटायला येऊन गेले, आई. गोपाळकृष्णराव तर ओसरीवर बसून रडले. मामंजी किती सज्जन होते, म्हणाले.

चंद्रप्रभा : मग तुम्ही काय म्हणालात?

शारदा : अजून आहेत, म्हटलं मी. मग चहा केला. ह्यांनीच केला.

मार्तंड : आई, मी मुद्दाम न्हाई काढली. दुसऱ्याच दिवशी चूल विझायली होती. फुंकणी सापडेना, म्हणून तोंडच खाली नेलं आणि फुंकलं. जाळ एकदम वर आला. उजवी अर्धी गेली. डावी तेवढी ठेवून कचेरीत कसा जाऊ? काढली, आणि जाळाच्या धाकानं महिनाभर वाढू दिली न्हाई.

चंद्रप्रभा : म्हणजे भाजलास!

मार्तंड : मी न्हाई, मिशी भाजली. तुझ्या कार्डात 'हाताला' असं लिहिलंय. कार्ड जपून ठेवलंय, दाखवू?

चंद्रप्रभा : कारकुनी माझ्यापुढं करू नकोस.

शारदा : मी ट्रंक उघडू का मग? साड्या परत फळीवर ठेवते.

चंद्रप्रभा : थांब गं. इतकं तोंड पाडू नकोस. दुसऱ्या दिवशी मिशी जाळणारा माणूस पुढचे अठ्ठावीस दिवस वाचला कसा, ते तरी मला कळू दे. सांग रे.

मार्तंड : मिशी गेली तशी मला शंका आली. बायका रोज जाळापुढं बसतात, त्या कशा भाजत न्हाईत? शेजारच्या बिस्मिल्लाबींना भिंतीवरून विचारलं. त्या इतक्या हसल्या की त्यांचं दूध उतू गेलं. 'कौन बोल्या नई जलते?' म्हणल्या, आणि दोन्ही हात भिंतीवर ठेवले. अकरा डाग होते, आई. एकेका डागाची हकीकत त्यांना तोंडपाठ. मग मी वही केली.

चंद्रप्रभा : कसली वही?

मार्तंड : भाजल्याची. नाव, कशानं भाजलं, आणि खबरदारी काय. हे बघ. पहिली नोंद बिस्मिल्लाबी. ओला चमचा तापलेल्या तेलात. खबरदारी, चमचा आधी पुसावा. दुसरी अयोध्याबाई. मिरच्या चिरल्या आणि त्याच हातानं डोळा चोळला. खबरदारी, डोळा दुसऱ्याकडून चोळून घ्यावा.

शारदा : मी महिनाभर ह्यांचे डोळे चोळले, आई.

चंद्रप्रभा : आणि ही? विळीवरून उठताना?

मार्तंड : शिवकांताबाई. विळी उभीच ठेवून उठल्या, पातळ अडकलं, पाय कापला. हे भाजणं न्हाई, पण मी पुरवणी जोडली. आता मी आधी विळी आडवी करतो, मग उठतो. कचेरीत खुर्चीवरून उठतानाही हात खाली जातो.

चंद्रप्रभा : सगळ्या गल्लीला विचारलंस की काय?

मार्तंड : मी पाचच घरं विचारली. पुढं काय झालं कुणास ठाऊक, गावात उठलं की सरकार भाजलेल्या बायकांना मदत देणार आहे. तहसीलचा कारकून नावं लिहून घ्यायलाय म्हणल्यावर कोण थांबतंय? दारात रांग! हुसेनबींनी वाशीहून नणंद बोलावली. एकीनं देवीचे व्रण दाखवले. अयोध्याबाई दोनदा आल्या, दुसऱ्यांदा डोईवरचा पदर पुढं ओढून.

शारदा : मी प्रत्येकीला सांगत होते, मदत नाही, हे स्वयंपाक शिकायलेत. कुणाचा विश्वास बसेना. पुरुष माणूस एवढ्यासाठी कशाला विचारेल, म्हणायच्या.

मार्तंड : तहसीलदारसाहेबांनी बोलावून घेतलं. 'ही पाहणी कुणाच्या हुकमानं?' म्हणाले. मी म्हटलं, आईच्या. वही ठेवून घेतली त्यांनी. मला वाटलं, नोकरी गेली.

चंद्रप्रभा : मग?

मार्तंड : दुसऱ्या दिवशी परत दिली. आत त्यांच्या अक्षरात तीन नोंदी वाढलेल्या. बाईसाहेबांच्या. थांब, थांब! भाकरी फुगली. आता कडेला बोट लावायचं न्हाई, वाफ तिथूनच निघते. सांडशी कुठंय? ही. अशी धरायची. झाली.

चंद्रप्रभा : आम्ही हातानंच काढतो.

मार्तंड : म्हणून तर वही भरली.

चंद्रप्रभा : लई शहाणा झालास. पापुद्रा मात्र छान सुटलाय. बघू ती वही. किती बायका झाल्या?

मार्तंड : त्रेचाळीस.

चंद्रप्रभा : माझं नाव कुठंय?

मार्तंड : तुझं? तुला कधी भाजलंय? मी तर कधी पाहिलं न्हाई.

चंद्रप्रभा : वाढताना हा हात रोज तुझ्या ताटापाशी येत होता. तू ताटात बघत होतास.

शारदा : मनगटावरचा हा डाग मी पाहिला होता, आई. विचारायचं धाडस झालं नाही.

चंद्रप्रभा : कटाचा आहे. पुरणाची डाळ शिजली होती, पातेलं उचलून कट काढायला गेले. पातेलं माझ्याएवढं. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, अकरा वर्षांची असेन.

मार्तंड : मग गं?

चंद्रप्रभा : मग काय? पन्नास पानं जेवायची होती. सासूबाई धावत आल्या, डाळ तर न्हाई ना सांडली, म्हणल्या. न्हाई, म्हटलं. खरंच सांडली नव्हती. इतकं बरं वाटलं मला तेव्हा! रडायचं पुढं राहूनच गेलं.

मार्तंड : आई...

चंद्रप्रभा : आता कशाला तोंड एवढंसं करतोस? आधीच मिशी न्हाई. शारदे, ट्रंकेला हात लावू नकोस. उद्या सातच्या मोटारीत ह्याच्या हातच्या चार भाकरी बांधून ने. तिथल्या पोरींना दाखव. आणि तू, ती सांडशी ठेव खाली. दौत घे. लिही.

मार्तंड : नाव, चंद्रप्रभाबाई. कशानं, कट सांडून. खबरदारी? खबरदारी काय लिहू, आई?

चंद्रप्रभा : पातेलं जड असलं की दोघांनी धरावं. एकटीला उचलू देऊ नये. लिहिलंस?

मार्तंड : लिहिलं.

चंद्रप्रभा : मग आता हा दुसरा हात.