छपरावरून पडलेलं पिस्तूल

लंडनमध्ये सिनेमातल्या वस्तू विकणाऱ्या लिलावघराबाहेरच्या रांगेत रूपर्टने गेल्या लिलावात घेतलेलं पिस्तूल सँडविचच्या डब्यातून काढलं, आणि मागे उभ्या डेझमंडच्या पोटात दुखायला लागलं.

"हे तर रबराचं आहे."

"हो. गुप्तहेर छपरावरून पळतो ना, तेव्हाचं."

"माझं लोखंडी आहे. त्याच सिनेमातलं."

"खरं होतं, म्हणून नटाच्या हातात कुणी दिलंच नाही. नुसतं टेबलाच्या खणात दिसलं. हे घेऊन तो पडलाय."

"म्हणून वाकडं झालंय होय?"

"अख्खा नट याच्यावर पडला."

डेझमंडने वाकड्या नळीवरून बोट फिरवलं.

"अदलाबदल करतोस?"

"छे रे."

"लोखंडी दोन देतो."

"नको."

"मग निदान मला एकदा त्याच्यावर पडू दे."

"इथं? फुटपाथवर?"

कोटाची नीट घडी घालून डेझमंड मागच्या बाईंना म्हणाला, "बाई, जरा माझा नंबर धरा."