वळणावर उशीर

लेक : काका, तुम्ही तरी समजवा हिला. एकटीनं मोटरसायकलवर जायचं म्हणते. त्या डोंगरात. या वयात.

आई : वयाचं काय मधेच? गाडी वय विचारते का?

वस्ताद : गाडी नाही विचारत, वहिनी. गुडघे विचारतात.

आई : तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात, वस्ताद?

वस्ताद : मी या क्लचच्या वायरच्या बाजूनं आहे. जरा सरका, उजेड अडतोय. आणि पोरी, तुझ्या छकुलीच्या तोंडात काय आहे बघ आधी. माझा नट असेल.

लेक : नट नाही, माझी किल्ली आहे. दे गं इकडे, शी! आई, विषय बदलू नकोस.

आई : मी कुठे बदलला? नटाचा विषय वस्तादांनी काढला.

लेक : काका दर उन्हाळ्यात ग्रुप घेऊन वर जातात. पुढे स्वतः काका, शेवटी टेम्पो. टेम्पोत मेकॅनिक, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळ्यांचं सामान. रात्री उतरायचं कुठे ते आधीच ठरलेलं. तुला फक्त गाडी चालवायची. त्यात वाईट काय आहे?

आई : वाईट कोण म्हणतंय? पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटरही वाईट नसतो. पण मी घालत नाही.

लेक : बघा. हे असं बोलते. घरीही असंच. सरळ उत्तर म्हणून नाही.

वस्ताद : पोरी, एकट्यानं जाणारे मला आवडतात, खोटं कशाला बोलू? मनाला येईल तिथे थांबतात, मनाला येईल तिथे वळतात. आमचा दादा, तुझा बाप, असता तर तोही तसाच गेला असता. पण त्यांना चेन तुटली तर जोडता यावी लागते. वर हवा विरळ झाली की गाडी धापा टाकते, ते कानाला कळावं लागतं.

आई : चेन मी जोडते. तुम्हीच शिकवलीत.

वस्ताद : जोडता. पंक्चरही काढता, माझ्या गॅरेजमधल्या पोऱ्यापेक्षा बरं.

लेक : काका! तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

वस्ताद : हा प्रश्न झाला मघाशी. हात चांगला आहे वहिनींचा, तेवढं खरं. दादा गेल्यावर पहिल्यांदा हँडल धरलं त्यांनी, आणि आज सरळ रस्त्यावर मला मागे टाकतात. फक्त ते वळणाचं...

आई : आलात वळणावर.

लेक : काय वळणाचं?

आई : काही नाही गं.

वस्ताद : सांगितलं नाहीत तिला?

लेक : काय सांगितलं नाही? आई?

वस्ताद : वळण आलं की या उशिरा झुकतात. श्वासाएवढा उशीर, फार नाही. पण तेवढ्यात गाडी बाहेर जाते, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. इथे पलीकडे गवत आहे. तिथे पलीकडे काही नाही.

लेक : घाबरतेस तू? आई, मला सांग, घाबरतेस?

वस्ताद : घाबरणारा आधी ब्रेक दाबतो. या दाबत नाहीत. या वाट बघतात.

लेक : कसली वाट?

आई : तुझे बाबा झुकायची.

लेक : बाबांची? म्हणजे?

आई : लग्न झालं त्याच आठवड्यात ह्यांनी मला गाडीवर मागे बसवलं. म्हणाले, ‘तू आधी झुकू नकोस. मी झुकलो की झुक. दोघं दोन बाजूंना कलंडलो तर गाडी पडेल.’ झालं. तेव्हापासून जन्मभर माझा डोळा ह्यांच्या पाठीवर. रस्ता असा मी कधी बघितलाच नाही. पाठ बघितली. ती झुकली की मी झुकायचे. आता समोर नुसती काच आहे. मी अंगाला सांगते, अगं बाई, आता तूच आहेस पुढे. अंग ऐकत नाही.

वस्ताद : म्हणून म्हणतो वहिनी, ग्रुपात या. मी पुढे असेन. माझ्या पाठीवर डोळा ठेवा, मी झुकलो की झुका. सवय आहेच तुमची.

लेक : अगदी हेच! बघ, किती सोपं आहे.

आई : नाही.

लेक : का नाही?

आई : दुसऱ्या कुणाच्या पाठीमागे मी झुकणार नाही. राग मानू नका, वस्ताद. तुमची पाठ चांगली आहे.

वस्ताद : राग कसला! बायको म्हणते पाठीला पोक येतोय.

लेक : हसू नका दोघं! हा वेडेपणा आहे, आई. बाबाच आधी ओरडले असते तुला.

आई : ओरडले असते तर बरंच झालं असतं.

लेक : आणि एवढंच कारण नाहीये. मला माहितीये. तू काहीतरी लपवतेस.

आई : वस्ताद, तुमच्या ग्रुपात थांबता येतं का हो?

वस्ताद : येतं की. ठरलेल्या जागी.

आई : मधेच वाटलं तर?

वस्ताद : मधेच अवघड. दुपार कलली की खिंडीत वारा सुटतो. त्याच्या आत पलीकडे उतरायचं असतं. शिवाय एक थांबला की पुढचे खोळंबतात. नियमच आहे आपला, आरशात मागचा दिसला नाही की पुढच्यानं थांबायचं, तो येईपर्यंत हलायचं नाही. म्हणून तर नवशिका आला की मी आधीच हात जोडतो. मागल्या खेपेला एक होता, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर. मेंढी दिसली की थांबला. मोजा सरकला, थांबला. ढग दिसला, थांबला! वर ढगाशिवाय असतं काय? त्याच्या पुढचा बिचारा प्रत्येक वळणावर खांबासारखा उभा.

आई : ऐकलंस? आणि मला थांबायचं आहे.

लेक : कुठे?

आई : ते आधी कसं सांगणार? येईल तिथे.

लेक : काय येईल?

आई : रडू गं. दुसरं काय.

लेक : ...घरी रड ना. घरी कोण अडवतंय तुला?

आई : घरी मी रडायला लागले की तू येतेस. पाण्याचा पेला घेऊन. मग तुला बरं वाटावं म्हणून ते पाणी प्यावं लागतं. तोवर तुझे डोळे भरतात. तुझे भरले की छकुली भोकाड पसरते. मग कुणीतरी गप्प व्हायला हवं ना? मी होते.

लेक : मी... मला वाटायचं तुला आधार होतो.

आई : होतो. पाणीही गार असतं. पण रडणं होत नाही.

वस्ताद : मी जरा पाना आणतो बाहेरून.

आई : पाना तुमच्या हातात आहे, वस्ताद. थांबा इथेच.

लेक : मागच्या उन्हाळ्यात तू आणि बाबा जाणार होतात.

आई : ते आता काढू नकोस.

लेक : काढणार. गाडीला पिशव्यासुद्धा बांधून झाल्या होत्या. माझ्या पोटात दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधीच. बाबांनी स्वतः पिशव्या सोडल्या. हसत हसत. म्हणाले, डोंगर काय पळून जातोय?

वस्ताद : डोंगर नाही पळाला.

आई : वस्ताद.

वस्ताद : चुकलो.

लेक : त्याआधी माझं लग्न. त्याआधी माझ्या परीक्षा. त्याच्याही आधी माझे टॉन्सिल. दर वेळी मीच आडवी आले. ही वेळेवर जन्मली असती तर निदान एकदा तरी तुम्ही दोघं...

आई : इकडे बघ. ह्यांना कुणी विचारलं असतं ना, डोंगर हवा की ही, तर विचारणाऱ्याच्या डोक्यात टपली मारली असती त्यांनी. मटार सोलता सोलता गेला माणूस. वाटी अर्धी भरलेली, मी वळून बघते तर हात थांबलेला. त्यात तू कुठे आलीस? मी कुठे आले?

लेक : तू गेलीस वर आणि आली नाहीस तर?

आई : येईन.

लेक : माझ्याकडे आता तू एकटीच आहेस आई. दुसरी काढून ठेवलेली नाही. एक वर्ष थांब. हिचं दूध सुटू दे. मग मी येते, मी बसते तुझ्या मागे. पुढच्या वर्षी...

आई : तो शब्द नको.

लेक : कुठला?

आई : पुढच्या वर्षी. ह्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकला. गोड बोलायचे फार. आता मला ऐकवत नाही.

वस्ताद : झाली वायर. ऐका आता माझं. मागे बसायचंच आहे ना पोरी, तर आत्ता बस. हा समोरचा रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत जातो. वळणं आहेत मधे, पलीकडे गवत आहे. जाऊन या. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आईचं. मग ठरवा काय ते. एकट्या जाणार असाल तर तशी गाडी करून देतो, ग्रुपात असाल तर तशी.

लेक : आणि हिला कोण बघणार?

वस्ताद : दे माझ्याकडे.

लेक : हात बघा तुमचे! नुसतं ग्रीस.

वस्ताद : धुतो. माझी चार पोरं याच हातांनी वाढली. एकालाही ग्रीस लागलं नाही. एकही गॅरेजकडे फिरकत नाही. या छकुलीबाई, तुम्हाला हॉर्न दाखवतो.

आई : हे घे. हेल्मेट घाल.

लेक : हे बाबांचं आहे.

आई : मोठं होईल. पट्टा ओढून घे.

लेक : आई, वास आहे अजून आत.

आई : माहितीये. म्हणून धुतलं नाही. बस नीट. पाय त्या खुंटीवर. आणि ऐक, तू आधी झुकू नकोस. मी झुकले की झुक.

(गाडीचा आवाज टाकीकडे विरत जातो. हॉर्न दोनदा वाजतो, छकुली खिदळते. बऱ्याच वेळानं आवाज पुन्हा जवळ येतो आणि दारात थांबतो.)

वस्ताद : बोल पोरी. काय बघितलंस?

लेक : पहिल्या वळणावर गवतात गेलो. चाक अर्धं गवतात. काका, खरंच वाट बघते ही. कळतं मागे बसल्यावर. सगळं अंग नुसतं थांबून राहतं.

वस्ताद : म्हटलं होतं मी.

लेक : पण दुसऱ्या वळणावर कमी. मग त्याच्या पुढे नाहीच. येताना तर एकदाही नाही. विचारा तिला. एकदाही नाही!

वस्ताद : काय हो वहिनी?

आई : थांबा, स्टँड लावू दे. काय झालं, गवतात गेलो तशी हिनं माझ्या कमरेला मिठी मारली. लहान असताना आम्हा दोघांच्या मधे बसायची, तेव्हा ह्यांना मारायची तशी. गाल पाठीवर दाबून. आणि माझ्या मनात आलं, आता ही माझ्याकडे बघून झुकणार. मी वाट बघत बसले तर ही पडेल. पुढचं वळण आलं आणि मी झुकलेली होते. विचार कधी केला तेही कळलं नाही.

लेक : मी तुझ्या पाठीकडेच बघत होते.

आई : कळलं. पाठीला कळतं ते. ह्यांनाही कळत असणार. मला कधी बोलले नाहीत.

लेक : पण मी तर तिथे नसेन, आई.

आई : नाही.

वस्ताद : वहिनी, तोंडावर सांगतो. एकटीनं नाही जमायचं.

आई : नाही जमायचं. टाकीपाशीच कळलं मला ते.

लेक : ...म्हणजे ग्रुप?

आई : ह्यांना आवडलं नसतं. शाळेची सहल म्हणायचे तुमच्या ग्रुपला, वस्ताद.

वस्ताद : माझ्या तोंडावर म्हणायचा. वर चहाही माझाच प्यायचा.

आई : घ्या मला तुमच्या सहलीत. पण तुमच्या पाठीमागे नको. पुढे कुणीही असू दे, लांब असू दे. मला पाठ दिसायला नको.

वस्ताद : बरं. अंतर ठेवू.

आई : आणि माझ्या मागे कुणीतरी द्या. नवशिका द्या.

वस्ताद : नवशिका? लोक हातापाया पडतात माझ्या, मागे नवशिका देऊ नका म्हणून.

आई : त्याला सांगा, या बाईकडे बघून झुकायचं. मग मी नाही उशीर करणार.

लेक : आणि तुझं ते? थांबायचं?

आई : नियम आहे ना वस्तादांचा? मागचा थांबला की मला थांबावंच लागेल. तो करेल काय करायचं ते, मी तोवर आपली एखाद्या दगडावर बसेन. कुणी म्हणणार नाही का थांबलात. कुणी पाणीही आणणार नाही.

लेक : मी... मी आता नाही आणणार पाणी. घरीसुद्धा.

आई : आण गं. अधूनमधून आण.

वस्ताद : वहिनी, यंदा नवशिका एकच आहे. तो चष्मेवालाच पुन्हा येतोय. दर ढगाला थांबेल, आधीच सांगून ठेवतो.

आई : मग तोच द्या.